‘आधी अँटिव्हायरस बंद करा’

खुलताबादच्या सेवा केंद्रातल्या संगणकात वेरूळ, बाजार सावंगी, गल्लेबोरगावच्या कितीतरी घरांची कागदपत्रं असतात : आधार, सातबारा, बँकेचं पासबुक. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पाटी दिसू लागली, की असे संगणकही पेनड्राइव्हवरच्या फुकट ‘ॲक्टिव्हेटर’च्या हवाली होऊ शकतात. हे फुकट फार महागात पडतं.

मोठ्या कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टची केएमएस नावाची सोय आहे. कार्यालयातला एक सर्व्हर बाकीच्या संगणकांना 180 दिवसांचा परवाना देतो आणि ते दर 7 दिवसांनी मुदत वाढवून घ्यायला त्याच्याकडे जातात. किमान 25 संगणक नोंदल्याशिवाय खरा सर्व्हर विंडोजला परवाना देत नाही. बरेचसे ॲक्टिव्हेटर त्याच संगणकात तोतया सर्व्हर उभा करतात. विंडोज त्याचं उत्तर खरं धरतं. मुदत पुन्हा पुन्हा वाढवायची असल्याने हा तोतया अनेकदा आत कायमचं ठाण मांडतो.

गोम पुढेच आहे. विंडोजच्या गाभ्यात हात घालायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ते आपण ‘येस’ दाबून देतो. अँटिव्हायरस अडवतो, तर सोबतच्या सूचना सांगतात, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. ॲक्टिव्हेटरमध्ये विषाणू असो वा नसो, अँटिव्हायरस बहुतेकदा ओरडतोच. त्यामुळे धोक्याचा खरा इशाराही ‘नेहमीचंच’ म्हणून सोडला जातो. डिसेंबर 2021 मध्ये ‘रेड कॅनरी’ या सुरक्षा कंपनीने केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या बनावट इन्स्टॉलरमधून पसरणारा क्रिप्टबॉट हा घातक प्रोग्राम उघड केला. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरतो. परवाना चुकवणाऱ्या अशाच ‘क्रॅक’ प्रोग्राममधून पसरलेलं ‘स्टॉप’ रॅन्समवेअर फायली कुलूपबंद करून खंडणी मागतं.

कायदाही कडक आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो.

परवान्याला पैसे नसतील, तरी चोरवाट धरायची गरज नाही. ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज 10 किंवा 11 लगेच बंद पडत नाही. अर्ज-पत्रांसाठी लिबरऑफिस मोफत आहे, लिनक्सही आहे आणि युनिकोड मराठी दोन्हींवर चालते. ॲक्टिव्हेटर आधीच चालवला असेल, तर फक्त कागदपत्रं बाहेर काढून विंडोज अधिकृत ठिकाणाहून नव्याने टाका. सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधनंही मोफत मिळतात. लोक विश्वासाने आपली कागदपत्रं ज्याच्या हाती देतात, त्याने एवढं करायलाच हवं.