एचआयव्हीवरील टीएलडी गोळी : मूत्रपिंड आणि हाडे

• गोळीत काय? टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३००, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलीग्रॅम. नाशिक जिल्हा रुग्णालयासह सरकारी एआरटी केंद्रांत मोफत.

• मूत्रपिंड : टेनोफोव्हिरमुळे काहींच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा होते, लघवीतून फॉस्फेट, प्रथिने जातात. डोल्युटेग्राव्हिरने क्रिएटिनिन किंचित वाढते, पण ती इजा नव्हे.

• हाडे : पहिल्या एक-दोन वर्षांत घनता थोडी घटते, मग बहुधा स्थिरावते.

• काळजी : मधुमेह, रक्तदाब असल्यास क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नका. अंगदुखीवर डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नका. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी टीएलडीसोबत उपाशीपोटी नको, जेवणासोबत चालते.

• त्रास झाला तरी गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टर अबॅकाव्हिरसारखा पर्याय देऊ शकतात. मोफत हेल्पलाइन : १०९७.