घरचा जेम सर्व्हर: काही समज, काही वस्तुस्थिती

24 मार्च 2021 रोजी जगभरातल्या रेल्स प्रकल्पांचे बिल्ड पटापट पडू लागले. कुणी हल्ला केला नव्हता, रुबीजेम्स.ऑर्ग बंदही पडलं नव्हतं. माइममॅजिक नावाच्या एका छोट्याशा जेमच्या जुन्या आवृत्त्या मागे घेतल्या गेल्या होत्या, इतकंच. त्या जेमचा परवाना एमआयटी, पण त्याच्या पोटात जीपीएल परवान्याच्या माहितीवरून बनवलेली फाइल. ही विसंगती लक्षात आणून दिल्यावर 0.3.5 पर्यंतच्या आवृत्त्या यँक झाल्या. रेल्सचं अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज मार्सेलवर अवलंबून, आणि मार्सेल माइममॅजिकवर. ज्यांच्या जेमफाइलमध्ये माइममॅजिक हा शब्दही नव्हता त्यांचंही काम अडलं. शेवटी रेल्सने दोनच दिवसांत 5.2.5, 6.0.3.6 आणि 6.1.3.1 या आवृत्त्या काढून ही साखळी तोडली.

असं काही झालं की प्रत्येक टीममध्ये कुणीतरी म्हणतंच, "आपला स्वतःचा कॅशिंग सर्व्हर असता तर हे झालंच नसतं." सर्व्हर उभा करायला फार काही लागत नाही. बंडलरच्याच मंडळींनी बनवलेलं जेमस्टॅश घ्या, एका कमांडने इन्स्टॉल करा, दुसरीने सुरू करा. 9292 पोर्टवर ते चालू होतं. बसवणं इतकं सोपं असल्यामुळेच त्याच्याभोवती गैरसमज फार जमले आहेत. वर दिलेलं वाक्य त्यांतलं पहिलं.

"लेखकाने जेम मागे घेतलं तरी आपल्याकडे प्रत आहे"

प्रत आहे हे खरं. ती उपयोगी पडेलच असं मात्र नाही.

बंडलर सर्व्हरकडे दोन वेगळ्या गोष्टी मागतो. आधी यादी: या जेमच्या कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत आणि कोणती कशावर अवलंबून आहे. मग प्रत्यक्ष .जेम फाइल. जेमस्टॅश या दोन्हींना सारखं वागवत नाही. एकदा आलेली फाइल ते डिस्कवर कायमची ठेवतं. यादी मात्र जपतं फक्त 30 मिनिटं, आणि नंतर पुन्हा मूळ सर्व्हरला विचारतं. ही व्यवस्था योग्यच आहे, नाहीतर नव्या आवृत्त्या तुम्हाला कधी दिसल्याच नसत्या. पण यँक झालेली आवृत्ती मूळ यादीतूनच गायब होते. म्हणजे अर्ध्या तासाने तुमच्या सर्व्हरच्या यादीतूनही ती जाते, आणि लॉकफाइलमध्ये 0.3.5 लिहिलेलं असेल तर बंडलर सांगतो की अशी आवृत्ती कोणत्याच सोर्सवर सापडत नाही. फाइल त्याच वेळी तुमच्याच डिस्कवर स्वस्थ बसलेली असते.

त्या दिवशी खरोखर तरले असते ते बंडल कॅश ही कमांड वापरणारे. ती सगळी जेम्स प्रकल्पाच्या व्हेंडर/कॅश फोल्डरमध्ये आणून ठेवते. मग लोकल पर्याय देऊन बंडल इन्स्टॉल चालवलं की बंडलर बाहेर कुणाला विचारायलाच जात नाही. रिपॉझिटरी फुगते आणि गिटवाले नाक मुरडतात. ते मुरडोत. ज्या प्रकल्पाचा बिल्ड कुठल्याही दिवशी झालाच पाहिजे त्याला दुसरा भरवशाचा उपाय मला दिसत नाही. सर्व्हरवर पडलेल्या फाइलचाही उपयोग होतो, पण ती हाताने उचलून स्वतःच्या खासगी सोर्सवर चढवावी लागते. बिल्ड पडलेला असताना हे पहिल्यांदा शिकायला बसू नये.

अजून एक गोष्ट. माइममॅजिकच्या बाबतीत जुनी प्रत वापरत राहिल्याने बिल्ड झाला असता, परवान्याचा पेच सुटला नसता. यँकमागे कारण असतं. ते वाचल्याशिवाय जुनी प्रत पुढे रेटणं शहाणपणाचं नाही.

"आपल्या सर्व्हरमधून येतं, म्हणजे तपासलेलं आहे"

कॅश सर्व्हर काहीच तपासत नाही. तो गोदामाच्या वॉचमनसारखाही नाही. तो नुसतं गोदाम आहे. ऑगस्ट 2019 मध्ये रेस्ट-क्लायंट या लोकप्रिय जेमच्या एका देखभालकर्त्याचं खातं कुणीतरी ताब्यात घेतलं आणि 1.6.13 ही विषारी आवृत्ती चढवली. ती उघडकीला आली, यँकही झाली. पण मधल्या काळात एखाद्या कंपनीच्या बिल्डने ती मागितली असेल, तर कंपनीच्या सर्व्हरने ती इमानेइतबारे आणून कायमची ठेवली असणार. यादीतून नाव गेलं तरी थेट फाइल मागणाऱ्याला ती मिळू शकते. रुबीजेम्स.ऑर्गने केलेली सफाई तुमच्या डिस्कपर्यंत येत नाही, ती तुम्हालाच करावी लागते.

खासगी आणि सार्वजनिक जेम्स एकत्र आली की धोका वाढतो. फेब्रुवारी 2021 मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने हे जाहीरपणे दाखवून दिलं. त्याने शॉपिफाय-क्लाउड नावाचं जेम रुबीजेम्स.ऑर्गवर चढवलं, आणि काही तासांतच शॉपिफायच्या बिल्ड यंत्रणेने ते आपणहून इन्स्टॉल केलं. कंपनीने एका दिवसात दुरुस्ती केली आणि त्याला 30,000 डॉलरचं बक्षीस दिलं. बंडलरमधली याच जातीची उणीवही त्या वर्षी दुरुस्त झाली. तुमच्या बाजूने करायचं ते एवढंच: खासगी जेम्स जेमफाइलमध्ये स्वतंत्र सोर्स ब्लॉकमध्ये लिहा, म्हणजे ती दुसरीकडे शोधलीच जाणार नाहीत. आणि बंडलर 2.6 किंवा पुढचा असेल तर लॉकफाइलमध्ये चेकसमही नोंदवून घ्या. मग फाइल कुठूनही येवो, वाटेत बदललेली असेल तर पकडली जाते.

"खासगी सर्व्हर आहे, बाहेरच्याला दिसणार कसा?"

जेमस्टॅश मूळ सेटिंगनुसार 0.0.0.0 या पत्त्यावर ऐकतं, म्हणजे मशीनच्या सगळ्या नेटवर्क जोडण्यांवर. क्लाउडवरच्या मशीनवर ते चालू केलं आणि फायरवॉलमध्ये 9292 उघडं राहिलं, तर सर्व्हर सगळ्या जगाचा झाला. शिवाय खासगी जेम चढवायला की लागते म्हणून उतरवायलाही लागत असेल, असं बहुतेकांनी गृहीत धरलेलं असतं. तसं नाही. कॉन्फिगमध्ये प्रोटेक्टेड फेच हा पर्याय तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत उतरवायला कुणालाही की लागत नाही. मला विचाराल तर ही मूळ सेटिंग उलटी असायला हवी होती.

"नेट गेलं तरी काम चालेल"

चालेल, पण पूर्वी कुणीतरी मागितलेल्या जेम्सपुरतंच, आणि तेही यादीची ती 30 मिनिटं संपेपर्यंत. कॅशिंग सर्व्हर म्हणजे रुबीजेम्स.ऑर्गची पूर्ण प्रतिकृती नव्हे. जे मागितलं गेलं तेवढंच त्याच्याकडे असतं. आणि जेमफाइलमध्ये गिटहबचा पत्ता देऊन ओढलेलं जेम या वाटेने येतच नाही, ते थेट गिटकडून येतं.

नोकोगिरीसारख्या जेमच्या बाबतीत प्लॅटफॉर्मचीही भानगड असते. 1.11 पासून त्याच्या आधीच कंपाइल केलेल्या फाइली मिळतात, पण मॅकसाठी वेगळी आणि लिनक्ससाठी वेगळी. ऑफिसातल्या सगळ्या मॅकबुकांनी मिळून भरलेल्या कॅशमध्ये लिनक्सवरच्या सीआयला हवी असलेली फाइल नसते. साधी रुबी प्लॅटफॉर्मची फाइल मिळाली तरी ती कंपाइल करायला सी कंपायलर आणि हेडर लागतात, आणि ते जेम सर्व्हर देत नाही.

"जेमफाइलमधला सोर्स बदला, झालं"

हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. सोर्सच्या जागी ऑफिसचा आतला पत्ता लिहिला की तो लॉकफाइलमध्येही उतरतो, आणि व्हीपीएनबाहेर बसलेल्या माणसाचं बंडल इन्स्टॉल अडतं. त्यापेक्षा बंडल कॉन्फिगमध्ये रुबीजेम्स.ऑर्गचा मिरर म्हणून आपला सर्व्हर नोंदवावा. जेमफाइल आणि लॉकफाइल जशीच्या तशी राहतात, ज्याच्या मशीनवर मिरर आहे त्याला तो लागू होतो, बाकीचे थेट जातात. मिररला फॉलबॅक टाइमआउटही देता येतो, म्हणजे आपला सर्व्हर पडला तर बंडलर मूळ पत्त्याकडे वळतो. हे सेटिंग बंडलरपुरतंच आहे, हे मात्र विसरू नका. साधं जेम इन्स्टॉल ते वाचत नाही. त्याचे सोर्स वेगळे सांगावे लागतात.

वेगाबद्दल थोडक्यात. रुबीजेम्स.ऑर्ग सीडीएनवरून येतं आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर जेम्स एकदाच उतरतात. चार-पाच जणांच्या टीमला कॅश सर्व्हरने फारसा फरक जाणवणार नाही. फरक पडतो तो दर वेळी कोऱ्या डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड करणाऱ्या सीआयला.

राहता राहिला बॅकअप. "कॅशच तर आहे, उडाला तर पुन्हा भरेल" हे सार्वजनिक जेम्सच्या बाबतीत बरोबर आहे. पण जेमस्टॅश तुमची खासगी जेम्स, त्यांचा डेटाबेस आणि कीसुद्धा होम डिरेक्टरीतल्या त्याच .जेमस्टॅश फोल्डरमध्ये ठेवतं. त्या मशीनची डिस्क गेली तर ती जेम्स रुबीजेम्स.ऑर्गकडे सापडणार नाहीत. सर्व्हर आधीच चालू असेल तर त्या फोल्डरचा बॅकअप कुठे जातो ते आजच पाहा.