‘कामगार’ ही संज्ञा आणि आजचे कामगार-संघ

कामगार-संघांपुढील अडचणींचा विचार अर्थशास्त्राच्या वा समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी करावा, भाषेच्या अभ्यासकाने त्या वाटेस जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. सामान्यतः तो योग्यही आहे. परंतु गेल्या काही दशकांत ह्या चळवळीपुढे असा एक प्रश्न उभा राहिला आहे, की ज्याचे मूळ संज्ञांच्या योजनेत आहे. वेतन किती असावे, कामाचे तास किती असावेत, हे संघांचे परंपरागत वादविषय. त्यांच्याही आधी आज एक वाद लढवावा लागतो, आणि तो म्हणजे काम करणाऱ्यास ‘कामगार’ म्हणावयाचे की नाही, हा. ही संज्ञा लागू झाली तर कायद्याचे संरक्षण मिळते, वाटाघाटीचा हक्क मिळतो. ती नाकारली गेली तर काम तेच राहूनही हक्क नाहीसा होतो. प्रस्तुत लेखात ह्या वादाचे स्वरूप आणि त्यास तोंड देण्याकरिता संघांनी शोधलेले मार्ग ह्यांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. मराठीतील ‘कामगार’ हा शब्द ‘काम’ ह्या संस्कृतोद्भव शब्दास ‘-गार’ हा फार्सी प्रत्यय लागून बनलेला दिसतो. गंमत अशी की, फार्सीतही ‘कामगार’ असा शब्द आहे. परंतु तेथे ‘काम’ म्हणजे इच्छा, आणि ‘कामगार’ म्हणजे ज्याची इच्छा सफल झाली असा भाग्यवान पुरुष. मराठी शब्दाचा ह्या भाग्याशी काही संबंध नाही. मात्र मराठीतही त्याचा पूर्वीचा अर्थ आजच्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता. ज्याच्याकडे एखाद्या कामाचा अधिकृत कारभार सोपविलेला आहे, तो कामगार. ‘कामगार पाटील’, ‘कामगार तलाठी’ ह्या शब्दप्रयोगांत तो अर्थ टिकून राहिला, आणि तलाठ्याच्या शिक्क्यावर तो अनेकांनी पाहिलेला असेल. गिरण्या आल्यानंतर हा शब्द कारभाऱ्याकडून साच्यावर काम करणाऱ्याकडे उतरला. त्याच्या जोडीचा ‘मजूर’ हा शब्द फार्सी ‘मुज्द’ म्हणजे मोबदला ह्यापासून आलेला आहे. म्हणजे मजुरी ही मजुराच्या नावातच अंतर्भूत आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

इंग्रजीत गिरणी-कामगारांस ‘मिल हँड्स’ म्हणत. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावातही हाच शब्द होता. माणसाचा उल्लेख त्याच्या हातावरून करण्याची ही लक्षणा आपल्याला आज खटकेल. पण तीत एक सोय होती. हात कोणाचे आणि कोणासाठी राबतात, ह्याविषयी कोणासही शंका नव्हती. १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, तेव्हा वाद सुटीविषयी होता. सुटी मागणारे गिरणीचे कामगार आहेत की नाहीत, असा नव्हता. पुढे ‘बदली’ कामगारांचा मोठा वर्ग निर्माण झाला, त्याचे हक्क अपुरे राहिले. तरी तो गिरणीच्या दारापाशीच उभा असे, आणि द्वारसभेत त्यालाही वक्त्याचे शब्द ऐकू जात. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले. त्या लढ्याच्या मुळाशी १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यातील ‘प्रातिनिधिक संघ’ ही संज्ञा होती. कामगारांचा विश्वास एका संघावर आणि कायद्याची मान्यता दुसऱ्या संघास, अशी ती विसंगती होय. म्हणजे संज्ञेचा वाद तेथेही होता. पण तो संघाच्या संज्ञेविषयी होता, कामगाराच्या नव्हे.

आजची परिस्थिती निराळी आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण अंगणवाडीचे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तीत काम करणाऱ्या स्त्रियांस मराठीत ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ अशी नावे मिळाली, आणि त्यांना जे द्यावयाचे त्यास ‘मानधन’ हे नाव मिळाले. २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तींस तर ‘स्वयंसेविका’ म्हणण्यात येऊ लागले. ही नावे वरवर सन्मानाची आहेत. पण ‘मजूर’ ह्या शब्दात मोबदल्याचा जो अंश आहे, तो ‘सेविका’ ह्या शब्दात नाही. सेवा ही स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न धरता करावयाची, अशीच आपल्या भाषेची धारणा आहे. ‘मानधन’ हा शब्द तर विशेष चिंतनीय आहे. संस्कृतात तो बहुव्रीही समास आहे: मान हेच ज्याचे धन आहे असा तो मानधन. आधुनिक मराठीने त्याचा अर्थ ‘मानादाखल दिलेले धन’ असा केला. ज्या स्त्रीला वेतनश्रेणी नाही, तिच्या बाबतीत जुनाच अर्थ अधिक खरा ठरतो, असे म्हणावयाचा मोह होतो.

ह्या शब्दांचा कायदेशीर परिणाम काय होतो, हे दोन निर्णयांवरून स्पष्ट होईल. २००६ साली कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका शासनाचे नागरी पद धारण करीत नाहीत, असे ठरविले. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या ४५ व्या अधिवेशनाने अशा योजनांतील स्त्रियांस कामगार मानावे अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. त्यानंतर २०२२ च्या एप्रिलमध्ये गुजरातमधील अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक ह्यांच्या खंडपीठाने १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील ‘वेतन’ ह्या शब्दाची व्याप्ती तपासली आणि ‘मानधन’ही तीत येते, असा निर्णय दिला. एका शब्दाच्या अर्थव्याप्तीत दुसरा शब्द सामावतो की नाही, हा कोशकाराचा नित्याचा प्रश्न. येथे त्याच्या उत्तरावर हजारो वृद्ध स्त्रियांची निवृत्तीच्या वेळची रक्कम अवलंबून होती.

ह्या पत्रिकेच्या वाचकांनी हा प्रश्न आपल्यापासून दूरचा समजू नये. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ असला तरी शिक्षक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही. अध्यापन हे शारीरिक वा कारकुनी काम नसून ते एक उदात्त व्रत आहे. व्रतस्थाला बडतर्फीविरुद्ध औद्योगिक न्यायालयात जाता येत नाही, एवढाच ह्या गौरवाचा व्यावहारिक अर्थ. महाराष्ट्रातील ‘शिक्षणसेवक’ ही संज्ञा आणि महाविद्यालयांतील ‘तासिका तत्त्वावरील’ अध्यापकांचे मानधन ही ह्याच कुळातील अपत्ये होत. आपल्या शेजारच्या वर्गात शिकविणारा सहकारी कोणत्या संज्ञेखाली शिकवितो, ह्याची चौकशी आपण क्वचितच करतो.

‘सेविका’ ह्या नावात मोबदला लपविला जातो, तर ‘पार्टनर’ ह्या नावात मालक लपविला जातो. मोबाइल फोनवरील ॲपच्या आज्ञेने खाद्यपदार्थ वा प्रवासी पोहोचविणाऱ्या तरुणांस कंपन्या हे नाव देतात. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात अशा प्रकारचे काम करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल, असा अंदाज दिला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची दखल घेतली, ही गोष्ट महत्त्वाचीच आहे. ही संहिता अन्य तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु तिच्यातील ‘गिग कामगारा’ची व्याख्या पाहावी: मालक-नोकर ह्या पारंपरिक संबंधाच्या बाहेर राहून काम करून जो कमावतो, तो. ही व्याख्या निषेधरूप आहे. तो काय नाही हे सांगून ती थांबते. कंपनीस ‘मालक’ न म्हणता ‘ॲग्रिगेटर’ म्हटले आहे, आणि तिने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याणनिधीत द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद केली आहे. ‘कामगार’ हा शब्द येथे आहे, पण तो विशेषणाने बांधलेला आहे.

इंग्लंडमध्ये हाच वाद वेगळ्या रीतीने सुटला. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘उबर’ कंपनीच्या चालकांस कामगारांचे किमान हक्क लागू होतात, असे ठरविले. न्यायालयाची भूमिका अशी की, करारपत्र एका पक्षाने लिहिलेले असते. म्हणून त्यातील नावांपासून आरंभ न करता प्रत्यक्ष संबंधात नियंत्रण कोणाचे आहे ते पाहावे. भाडे कोण ठरविते, प्रवासी कोण देते, चालकाने वारंवार नकार दिल्यास त्यास दंड कोण करते, हे प्रश्न विचारले की ‘भागीदारी’ कितपत उरते, हे उघड होते.

येथे ‘संप’ ह्या शब्दाविषयी थोडे लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजी ‘स्ट्राइक’ हा शब्द १७६८ साली लंडनच्या खलाशांनी शिडे उतरवून काम थांबविले त्यावरून आला, असे सांगतात. हिंदी ‘हडताल’ मध्ये हाट म्हणजे बाजार, आणि त्यास लावलेले कुलूप आहे. दोन्ही शब्द थांबविण्याचे, बंद करण्याचे. मराठी ‘संप’ मात्र निराळा आहे. गुजरातीत आजही ‘संप’ म्हणजे ऐक्य, आणि मराठीतही एकजूट हीच त्याच्या अर्थाची मूळ छटा आहे. काम बंद पडणे हे फळ; संप म्हणजे त्यामागील एकमत. नव्या औद्योगिक संबंध संहितेने एखाद्या दिवशी निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने किरकोळ रजा घेतली तर तीही संपच मानली आहे, आणि १४ दिवसांच्या पूर्वसूचनेचे बंधन, जे पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते, ते सर्व उद्योगांस लावले आहे. एका परीने ही व्याख्या मराठी शब्दाच्या अर्थाशी अधिक जुळती आहे. पण त्यामुळे संपाचा हक्क संकोचला, हे नाकारता येत नाही. आणि ज्यांना फाटकच नाही, ज्यांची एकमेकांशी भेट उपाहारगृहाच्या दारात दोन मिनिटे होते, त्यांनी ‘संप’ साधावयाचा तरी कोठे?

ह्या अडचणीतून वाट काढण्याचे प्रयत्न नवे नाहीत, आणि त्यांतील महत्त्वाचे आपल्याच भूमीत झाले आहेत. मुंबईच्या बाजारांत डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांस ‘माथाडी’ म्हणतात. ‘मिल हँड’ प्रमाणेच हेही नाव शरीराच्या अवयवावरून पडलेले आहे. माथाड्यांची टोळी सकाळी एका व्यापाऱ्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे; तेव्हा मालक कोण, ह्या प्रश्नास उत्तर नव्हते. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर १९६९ साली जो माथाडी कायदा झाला, त्याने हा प्रश्न सोडविला नाही, तर अनावश्यक करून टाकला. बाजारवार मंडळे नेमली, त्यांत शासन, मालक आणि कामगार ह्यांचे प्रतिनिधी घेतले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ‘लेव्ही’ मंडळाकडे भरावी, व मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस इत्यादी कामगारास द्यावे, अशी योजना केली. ही योजना आमच्या मते महाराष्ट्राच्या कामगार चळवळीची सर्वांत मौलिक निर्मिती आहे. संपांच्या इतिहासापुढे तिच्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, हे दुर्दैव. राजस्थानने २०२३ साली गिग कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला. त्यातील नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरील शुल्क ह्या त्रयीत माथाडी कायद्याची छाया स्पष्ट दिसते.

दुसरा मार्ग अहमदाबादचा. १९७२ साली इला भट्ट ह्यांनी ‘सेवा’ ह्या संघाच्या नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता की, ह्या स्त्रियांना मालकच नाही, मग संघ कोणाविरुद्ध? त्यांचे उत्तर असे की, संघ कोणाविरुद्ध असावाच असे नाही; तो कामकरी स्त्रियांच्या ऐक्यासाठी असतो. ‘संप’ शब्दाचा गुजराती अर्थ ज्यांना माहीत आहे, त्यांना ह्या उत्तरात काही अपरिचित वाटू नये. ‘असंघटित’, ‘अनौपचारिक’ अशा नकारार्थी संज्ञांना भट्ट ह्यांचा विरोध होता, आणि म्हणूनच त्यांनी ‘स्वाश्रयी’ ह्या अर्थाची भावरूप संज्ञा स्वीकारली. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’ने हीच दृष्टी ठेवली. त्या नावात ‘कचरा’ हा शब्द कोठेही नाही; विकाऊ माल आहे, आणि कष्ट आहेत. पुणे महानगरपालिकेने पंचायतीच्या ओळखपत्रांस मान्यता दिली, आणि पुढे सभासदांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा-संकलनाचा करार केला.

तथापि ह्या दोन्ही मार्गांना मर्यादा आहेत. ‘स्वाश्रयी’ ही संज्ञा फेरीवालीस शोभते. पण ज्याचा दर, वेळ आणि मार्ग दुसरा ठरवितो, त्यास ती लावली तर कंपनीच्या ‘पार्टनर’ शब्दासच बळ मिळते. मंडळाच्या मार्गाने कल्याणनिधी मिळतो. दराचा प्रश्न मात्र राहतो. माथाडी कायद्यात मजुरीचे दर मंडळासमोर येतात, कारण मजुरी मंडळातूनच जाते. राजस्थानच्या कायद्यात शुल्क आहे, दर ठरविण्याची तरतूद नाही. म्हणून न्यायालयात ‘कामगार’ ही संज्ञा मागणे आणि तिची वाट न पाहता मंडळे उभारणे, ही दोन्ही कामे संघांना एकाच वेळी करावी लागत आहेत. अंगणवाडीच्या स्त्रियांनी ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रात जो संप केला, त्यातील मागण्यांत शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन ह्यांचा समावेश होता. शासकीय योजनेच्या परिभाषेत त्या ‘सेविका’ व ‘मदतनीस’ आहेत. त्यांच्या संघटना मात्र स्वतःच्या नावात ‘अंगणवाडी कर्मचारी’ असे लिहितात.