काळी म्हैस, पांढरा बगळा

ऑगस्टातली संध्याकाळ, साडेसहा वाजून गेलेत. पळसदरीच्या तलावाकाठी पाऊस नुकताच थांबलाय, पण घाटाकडून उतरलेले ढग हटायला तयार नाहीत. चिखलात म्हैस निवांत रवंथ करतेय. तिच्या पायांशी गायबगळा उभा आहे; डोक्यामानेवर आणि पाठीवर विणीच्या दिवसांतला केशरी रंग, बाकी सगळा पांढरा.

शेजारचा कॉलेजातला मुलगा गुडघ्यावर बसून फोटो टिपतोय. "काका, नॉईज नको म्हणून आयएसओ ४००च्या वर नेत नाही," तो सांगतो. शटर १/१००० वर. फोटो काळाकुट्ट. फोनवर घेऊन तो उजळ करतो, तशी म्हशीच्या पाठीवर लाल-हिरव्या दाण्यांची खरूज उठते.

आयएसओचा, म्हणजे मिळालेला प्रकाश कॅमेऱ्याने किती उजळायचा त्याचा, आकडा उगाच बदनाम झालाय. दाणे येतात ते प्रकाश कमी पडल्यामुळे. पावसात दोन वाट्या क्षणभर ठेवल्या तर एकीत तीन थेंब पडतील, दुसरीत सात. बराच वेळ ठेवल्या तर दोन्हींत पाणी जवळपास सारखंच दिसेल. सेन्सरवरच्या शेजारशेजारच्या ठिपक्यांचंही तसंच. चौपट प्रकाश मिळाला की चित्राच्या मानाने दाण्यांची खरखर निम्म्यावर येते.

म्हैस तर हलतही नाहीये! मी त्याला शटर १/२५० वर आणायला सांगतो. हात स्थिर राहावा म्हणून तांदूळ भरलेली पिशवी दगडावर ठेवतो, लेन्स तिच्यावर. उरलेली कसर आयएसओ १६००ने भरून काढायची. आता म्हशीच्या कातडीवरच्या सुरकुत्या, सुकत आलेला चिखल, कानाजवळचे राठ केस, सगळं दिसतंय.

बगळ्याचे पंख मात्र स्क्रीनवर लुकलुकतायत. तिथला पांढरा रंग जळाला, पिसं गेली. ती रॉ फाईलमधूनही परत येतीलच असं नाही. "थोडं खाली घे. पिसं दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही." तो शटर १/४०० करतो. म्हशीची पाठ काळीच राहते, पण मेलेली नाही.

खोपोली लोकल भोंगा देत जाते. म्हैस मान झटकते, गवतातून टोळ उडतो, बगळा मान लांबवतो. मुलगा घाईने शटर पुन्हा १/१००० वर नेतो. इथे ते बरोबर आहे. चोचीचा वेग पकडायचा तर दाणे सोसावेच लागतात.

"आयएसओ?" मी विचारतो.

"४०००," तो म्हणतो आणि बटण दाबून धरतो.