भिंतीवरचे बिनतारी बटण

कलघटगी हे धारवाड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव हुबळीहून यल्लापूरमार्गे कारवारच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. येथे सपाट काळ्या रानाचा मुलूख सरत जातो आणि मलनाडच्या झाडीची व पावसाची चाहूल लागते. गावाचे नाव दूरवर पोहोचले ते येथल्या रंगीत लाकडी पाळण्यांमुळे. पण ज्या घरात असा पाळणा हलतो त्या घरातील दिव्याचे बटण कोठे असते, याचा विचार क्वचितच कोणी करतो.

या भागातील जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची, लाकडी खांबांची आणि मंगळुरी कौलांची. ती बांधली गेली तेव्हा विजेचा विचार बांधणाऱ्याच्या मनात नव्हता. वीज पुढे आली. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकून त्यांतून तारा नेल्या, आणि खर्च वाचावा म्हणून खोलीच्या एकाच कोपऱ्यात, बहुधा दाराशी, बटणांचा एक बोर्ड बसवला. दिवसा ही व्यवस्था कोणाला खुपत नाही. रात्री मात्र तिचा दोष उघडा पडतो. पाळण्यातले मूल रडू लागले की आईला अंधारात खोली ओलांडावी लागते. न्हाणीघर परसात असले तर वृद्ध माणसाला आधी अंधारात मागच्या दारापर्यंत जावे लागते. आषाढात अंगणातील फरशी शेवाळलेली असते आणि पायरी ओली असते. उतारवयात एका पावलाची चूक म्हणजे मांडीचे हाड मोडणे, आणि त्या वयात मोडलेले हाड माणसाला महिनोन् महिने अंथरुणाला खिळवते. तेव्हा उशाशी बटण असणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

उपाय म्हणून भिंत खोदून नवी तार नेता येते. परंतु मातीच्या भिंतीला खाच पाडली की पोपडे निघतात आणि पावसाळ्यात तेथे ओल धरते. शिवाय एक दिवा दोन ठिकाणांहून लावायचा तर दोन खास बटणे आणि त्यांच्यामध्ये जादा तारा लागतात. भिंतीला हात न लावता हेच काम करणारे साधन अलीकडे बाजारात सहज मिळू लागले आहे. ते म्हणजे बिनतारी बटण.

या साधनामागील कल्पना मात्र जुनी आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक प्रयोग लोकांपुढे केला. एका ठिकाणी निर्माण केलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरी मधल्या भिंती ओलांडून गेल्या आणि दूर ठेवलेली घंटा वाजली, बंदुकीची दारू पेटली. लहर स्वतः घंटा वाजवत नव्हती. ती केवळ खूण पोहोचवीत होती, आणि घंटेचे मंडल पुरे करण्याचे काम तेथेच ठेवलेले यंत्र करीत होते. आजच्या बिनतारी बटणाचे तत्त्व नेमके हेच आहे.

या साधनाचे दोन भाग असतात. एक भाग भिंतीवर किंवा पलंगाच्या पाटीवर बसतो. तो खूण पाठवतो. दुसरा भाग काड्यापेटीहून थोडा मोठा असतो आणि दिव्याजवळ राहतो. तो खूण ओळखून दिव्याची वीज सोडतो वा तोडतो. पहिल्याला प्रेषक आणि दुसऱ्याला ग्राहक म्हणू. घरातील २३० व्होल्टची वीज फक्त ग्राहकात येते, प्रेषकात ती मुळीच नसते. म्हणून उशाशी लावलेल्या बटणाला ओला हात लागला तरी घरच्या विजेचा धक्का बसण्याची भीती नाही.

मग प्रेषकाला खूण पाठविण्याची शक्ती कोठून मिळते? काही बटणांत रुपयाएवढी चपटी बॅटरी असते. ती दीर्घकाळ टिकते, पण केव्हातरी बदलावी लागतेच. दुसऱ्या प्रकारात बॅटरीही नसते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातील चुंबकक्षेत्र बदलले की त्या तारेत वीज उत्पन्न होते. या बटणात एक चिमुकले लोहचुंबक आणि एक वेटोळे बसवलेले असते. बोटाने दाबताच आतील पट्टी टक् आवाज करून उलटते, चुंबकक्षेत्र क्षणात बदलते आणि इवलीशी वीज निर्माण होते. ती इतकी अल्प असते की तिच्यावर दिवा लागणे अशक्य. पण सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती एक खूण पाठवायला ती पुरते. सायकलच्या चाकावर घासून दिवा लावणाऱ्या डायनामोचेच हे धाकटे भावंड समजावे.

ही खूण म्हणजे होय आणि नाही अशा चिन्हांची मालिका असते. अशी नुसती वीस चिन्हे ओळीने मांडली तरी दहा लाखांहून अधिक निरनिराळे क्रमांक तयार होतात. प्रत्येक प्रेषकाचा क्रमांक वेगळा ठेवलेला असल्याने शेजारच्या घरातील बटणाने आपला दिवा लागत नाही. अशी अनेक साधने सेकंदाला ४३ कोटींहून अधिक आवर्तने असलेल्या लहरी वापरतात. या लहरीची लांबी सुमारे ७० सेंटिमीटर भरते. आकाशवाणीच्या मध्यम लहरी याच्या तुलनेत शेकडो मीटर लांब असतात. ग्राहकातून कधी कधी सुमारे १७ सेंटिमीटर लांबीची एक बारीक तार शेपटीसारखी बाहेर आलेली दिसते. ती लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी राखलेली आकाशक आहे. निरुपयोगी समजून ती कापू नये, किंवा गुंडाळून आत कोंबू नये.

आता बसविण्याविषयी. ग्राहकाला स्वतः जागे राहण्यासाठी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा लागतात. जुन्या घरातील भिंतीच्या बोर्डात बहुधा फेज येते आणि बटणातून दिव्याकडे जाते. न्यूट्रल मात्र वरच्यावर थेट दिव्याला गेलेली असते. म्हणून ग्राहक बोर्डात कोंबण्याऐवजी वर, दिव्याजवळच्या लाकडी ठोकळ्यापाशी बसवणे सोयीचे पडते. तेथे दोन्ही तारा हाताशी असतात. येणाऱ्या फेज व न्यूट्रल ग्राहकाच्या एका बाजूस आणि दिव्याकडे जाणाऱ्या तारा दुसऱ्या बाजूस जोडल्या की जोडणी पुरी होते. भिंतीवरचे जुने बटण यापुढे सदैव चालू ठेवावे लागते. ते बंद केले तर ग्राहकच झोपतो आणि बिनतारी बटण दाबून काही उपयोग होत नाही. घरातील सर्वांना, विशेषतः पाहुण्यांना, ही गोष्ट सांगून ठेवणे चांगले. जुने बटण काढून टाकून जागा लिंपू मात्र नये. पुढे ग्राहक बिघडला तर त्याला वगळून तार पूर्ववत जोडता येते, आणि तोच जुना खटका पुन्हा कामास येतो.

ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी. जुन्या घरात तारांच्या रंगांवर विश्वास ठेवता येत नाही. लाल ती फेज आणि काळी ती न्यूट्रल हा संकेत सर्वत्र पाळलेला नसतो. मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच तारेला हात लावावा.

जोडणी झाल्यावर ग्राहकाची आणि प्रेषकाची ओळख करून द्यावी लागते. ग्राहकावरील छोटी कळ काही सेकंद दाबून धरली की त्याचा बारीक दिवा लुकलुकू लागतो. तेवढ्यात बिनतारी बटण एकदा दाबले की त्याचा क्रमांक ग्राहक लक्षात ठेवतो. किती वेळ दाबायचे हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते. त्यासाठी सोबतचा कागद वाचावा आणि तो जपून ठेवावा. एकाच ग्राहकाला अनेक बटणे ओळखायला लावता येतात. म्हणजे परसातला एकच दिवा आजीच्या उशापासून, मागच्या दारापासून आणि स्वयंपाकघरातूनही लागू शकतो, तोही एकही नवी तार न ओढता.

बटण भिंतीला चिकटविण्यापूर्वी ते हातात धरून, ज्या जागी लावायचे तेथूनच दहा-वीस वेळा दाबून पाहावे. मातीची वा विटांची कोरडी भिंत आणि लाकूड यांतून लहर बऱ्यापैकी पार होते. ओल्या भिंतीत ती क्षीण होते. सळयांचे काँक्रीट, पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी कपाट हे तिचे खरे वैरी. म्हणून ग्राहक लोखंडी डब्यात बंद करू नये. उन्हाळ्यात केलेली परीक्षा भर पावसाळ्यात पुन्हा करून पाहावी. चुन्याने रंगवलेल्या मातीच्या भिंतीवर चिकटपट्टी फार दिवस धरत नाही. तेव्हा बटण दाराच्या चौकटीवर किंवा पलंगाच्या लाकडावर स्क्रूने बसवावे.

एका अडचणीकडे सहसा लक्ष जात नाही. बहुतेक बटणे एकदा दाबली की दिवा लावतात आणि पुन्हा दाबली की विझवतात. समोर दिवा दिसत असेल तर यात गोंधळ नाही. परंतु परसातला दिवा खाटेवरून दिसत नसेल, तर तो लागला की विझला हे कळायचे कसे? अशा जागी लावण्याची व विझविण्याची कळ वेगळी असलेला प्रकार घ्यावा. त्याचप्रमाणे बॅटरीविना चालणारे बटण जरा जोर देऊन दाबावे लागते. संधिवाताने बोटे दुखणाऱ्या माणसासाठी मोठ्या पाटीचे बटण निवडावे आणि ते विकत घेण्याआधी त्याच्याच हातून दाबवून पाहावे.

वीज जाऊन परत आली की काय होते, हीही पाहण्यासारखी गोष्ट आहे. काही ग्राहक आधीची स्थिती लक्षात ठेवतात, काही दिवा बंदच ठेवतात, तर काही आपोआप लावतात. मेन स्विच एकदा बंद-चालू करून हे आजमावता येते. घरात इन्व्हर्टर असेल तर ग्राहकाच्या फेज व न्यूट्रल दोन्ही त्याच इन्व्हर्टरच्या मंडलातील असाव्यात. नाहीतर ऐन काळोखात, जेव्हा बटणाची खरी गरज, तेव्हाच ते मुके राहील. मोबाईलवरून चालणारी वाय-फायची बटणेही मिळतात. गावाबाहेर असतानासुद्धा त्यांनी दिवा लावता येतो. मात्र घरातील राउटर बंद पडला की त्यांची ही दूरची करामत थांबते. प्रेषक-ग्राहकाच्या थेट जोडीला इंटरनेट लागत नाही, म्हणून वृद्धांच्या उशाशी तीच अधिक भरवशाची. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा तारांतून येणाऱ्या झटक्याने नाजूक ग्राहक जळू शकतो. एक विजेरी उशाशी असू द्यावीच.

भाराची मर्यादाही ओळखली पाहिजे. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला एक अँपिअरचा अगदी अल्प भागच लागतो. दोन हजार वॅटच्या गिझरला मात्र जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, आणि पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. दिव्यासाठी घेतलेला लहान ग्राहक अशा कामाला लावला तर तो तापून जळेल. शिवाय बिनतारी बटणाने दिवा विझला म्हणजे तेथील वीज गेली असे नव्हे; ग्राहकात ती असतेच, आणि दुसऱ्या खोलीतून कोणीही बटण दाबू शकतो. म्हणून दिवा बदलताना किंवा होल्डर उघडताना मेन स्विच बंद करण्याला पर्याय नाही. दाराच्या कुलपासाठीही साध्या प्रतीची ही बटणे वापरू नयेत, कारण त्यांची खूण चोरून टिपणे कठीण नसते.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की एवढ्याशा बटणासाठी केवढी ही खबरदारी! पण ती बहुतेक एकदाच घ्यावयाची आहे. घरातील सारे दिवे बिनतारी करण्याची गरज नाही. आधी एकच दिवा निवडावा. ज्याच्यासाठी रात्री कोणाला तरी अंधारात उठावे लागते तो. त्या माणसाच्या हाताला निजल्या जागी जेथे सहज पोहोचता येते तेथे बटण लावावे, आणि पहिल्या रात्री त्यालाच ते दाबू द्यावे. परस उजळलेला पाहून मगच त्याने पाय जमिनीवर टेकावा.