कप कुणाचा, मैदा किती?

नाताळ तोंडावर आला, ओव्हन पुसून झाले आणि ‘एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?’ हा वार्षिक प्रश्न व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागला. त्याखालची उत्तरंही ठरलेली : १२०, १२५, १४०. गंमत म्हणजे तिन्ही बरोबर आहेत.

डब्यात कप खुपसून, वर दोनदा आपटून भरला तर त्यात १४०-१५० ग्रॅम मैदा सहज बसतो. तोच मैदा हलवून सैल केला, चमच्याचमच्यानं कपात सोडला आणि सुरीच्या पाठीनं वरची शीग उतरवली, तर १२० ते १२५. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे अर्ध्या कपाहून जास्त. केक कोरडा झाला की खापर मात्र ओव्हनवर फुटतं. आधी चाळून मोजलं की मोजून चाळलं, यानंही वजन बदलतं. कृती लिहिणारे त्याबद्दल बहुधा गप्प असतात. साखर एवढा त्रास देत नाही, कप कसाही भरा, २०० ग्रॅमच्या आसपासच राहते. कोको पावडर त्याच कपात जेमतेम ८५, मध ३४०.

बरं, कप तरी एक आहे का? ते पायलीचे पन्नास. अमेरिकेचा सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचाही २० मिलिलिटरचा, इतरांचा १५.

या कपसंस्कृतीचं मोठं श्रेय फॅनी फार्मर या बाईंना जातं. सोळाव्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन शिक्षण सुटलं. पुढे बॉस्टन कुकिंग स्कूलच्या त्याच प्रमुख झाल्या. १८९६ साली त्यांचं पाकपुस्तक निघालं. प्रकाशकाला खपाची इतकी खात्री नव्हती, की पहिल्या ३,००० प्रतींचा छपाईखर्च बाईंनाच सोसावा लागला. ‘अंड्याएवढं लोणी’ छापाच्या कृतींच्या जमान्यात त्यांनी आग्रह धरला, की कप आणि चमचा काठोकाठ, सपाट भरलेलाच हवा. ही खरोखर क्रांती होती. पण बाईंनी भांडं ठरवलं. त्यात मैदा किती दाबायचा, हे ज्याच्या त्याच्या हातावरच राहिलं. अमेरिका अजून त्यातून बाहेर आलेली नाही. किंग आर्थर या पीठ कंपनीचा कप १२० ग्रॅमचा, कुक्स इलस्ट्रेटेड मासिकाचा १४२ चा!

आपण हसू नये. चिपटं, मापटं, शेर, पायली ही आपली धान्याची मापंही आकारमानाचीच होती, आणि माप सपाट की शिगोशीग यावरून बाजारात तंटे होतच. फरक इतकाच, की पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे सारख्या वजनाचे नसतात, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

म्हणून इंटरनेटवरच्या रूपांतर-तक्त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. रूपांतर करायचंच तर कृती ज्यांची, आकडाही त्यांचाच घ्यावा. लोण्याचं त्या मानानं सोपं आहे : अमेरिकी ‘स्टिक’ ११३ ग्रॅमची, आपलं पाकीट १०० चं, वर साधारण एक मोठा चमचा घाला, झालं.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, हा सल्ला मी देईनच. पण बेकिंग पावडर, सोडा, मीठ चमच्यानंच मोजा. अर्धा चमचा बेकिंग पावडर दोनेक ग्रॅम भरते आणि एवढ्याशा वजनाला घरचे काटे हमखास चुकतात.

ब्रिटिश व्हिक्टोरिया स्पंजची जुनी रीत तर कप मागतच नाही. अंडी कवचासकट तोलायची आणि तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढंच सेल्फ रेझिंग पीठ घ्यायचं. ते नसेल तर मैद्यात बेकिंग पावडर.

यंदा केकची कृती कुणाला पाठवणार असाल, तर कृपा करून ग्रॅममध्ये पाठवा. कपच लिहायचा असेल, तर तो किती मिलिलिटरचा आणि कसा भरला, हेही लिहा.