कोठाऱ्याच्या काचपट्टीवरचं कोडं

अचलपूर-परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं तपोवन. कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांना एक कोडं फार जुनं. कानाच्या पाळीला चिमटा घेऊन बारीक छेद द्यायचा, खरवडलेला रस काचपट्टीवर रंगवायचा. एकाच्या पाळीत लाल जंतूंचे पुंजकेच्या पुंजके. दुसऱ्याच्या अंगावर एखादाच बधिर चट्टा आणि पाळीत शोधूनही जंतू नाही. जंतू मात्र तोच, हॅन्सननं १८७३ मध्ये पाहिलेला. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये या दोन टोकांमधले पाच गट पाडले. वर्गवारी झाली, कारण कळलं नाही.

ते हाती लागलं रोग्यांच्याच त्वचेतून. प्रतिकारशक्तीतल्या मदतनीस टी पेशींचे दोन प्रकार १९८६ मध्ये उंदरांत दिसले होते. १९९१ मध्ये कुष्ठरोगाच्या चट्ट्यांत तीच फाळणी आढळली. जंतू कमी तिथं इंटरफेरॉन-गॅमा, जंतू बक्कळ तिथं इंटरल्यूकिन-४ आणि १०. इंटरफेरॉन-गॅमा भक्षक पेशींना जंतू मारायला लावतं, तर इंटरल्यूकिन-१० त्यांना गप्प बसवतं.

पण हे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनांचे निरोप, सोडायचा हुकूम कोणाचा? ओलिताच्या शेतात पाणी कोणत्या दांडाला जाणार हे बारं देणारा ठरवतो. पेशीत ते काम ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर करतात: डीएनएला चिकटून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. १९९७ मध्ये इंटरल्यूकिन-४ कडे नेणारा गाटा-३ ओळखला गेला, २००० मध्ये इंटरफेरॉन-गॅमाचा टी-बेट. त्याआधी, १९८६ मध्येच, रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना बी पेशींत एनएफ-कप्पा-बी हा असाच एक फॅक्टर सापडला होता. पुढं तो बहुतेक सगळ्याच पेशींत निघाला. मात्र टी पेशीत तो इंटरल्यूकिन-२ ला हात देतो, भक्षक पेशीत सूज वाढवणाऱ्या टीएनएफला. त्या पेशीत डीएनएचा कोणता भाग उघडा आहे, त्यावर सगळं.

रिअ‍ॅक्शन म्हणजे कुष्ठरोगात प्रतिकारशक्तीचा अचानक उठणारा भडका. ती आली की नस सुजते, कोपराशी ठणकते, बोटं वाकू लागतात. त्यावर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. स्टेरॉइड कित्येक वर्षं निव्वळ अनुभवावर चाललं. ते पेशीतल्या ज्या ग्राहीला चिकटतं, तो स्वतःच एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे आणि एनएफ-कप्पा-बीला आवर घालतो, हे नंतर उलगडलं. पण तो आवर एकट्या सुजलेल्या नसेपुरता नसतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रोग्याची साखर तपासतात आणि क्षयाच्या शंकेनं खोकला किती दिवसांचा आहे ते विचारतात.